कणगीतले टाळ

आमच्या गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याने टिळकांना पाहिले होते. लोकमान्यांना नव्हे, रेव्हरंड नारायण वामन टिळकांना. रविवारची उपासना सुटल्यावर चर्चच्या पायरीवर तंबाखू मळत जी मंडळी बसायची, त्यांत कुणाच्या टिळकांची दाढी गळ्यापर्यंत, तर कुणाच्या टिळकांची छातीपर्यंत. कुणी म्हणे गोरेपान, कुणी म्हणे उन्हाने रापलेले. एक बाबा तर सांगायचे की टिळकांना त्यांनी आपल्या बैलगाडीतून वडाळ्याला पोचवले आणि वाटभर टिळक भजने म्हणत होते. आता टिळक वारले ९ मे १९१९ ला, आणि हे बाबा स्वतःच्याच तोंडाने सांगत की मानमोडीच्या साथीत ते रांगत होते. रांगत्या पोराने बैल कसे हाकले, हे विचारायची आम्हा पोरांची टाप नव्हती.

मला आता त्या थापांचा राग येत नाही. ज्याची गाणी माणूस जन्मभर दर रविवारी म्हणतो, लग्नात म्हणतो, कबरीवर माती लोटताना म्हणतो, त्याला आपण पाहिले नाही हे त्याला पटतच नसावे.

आमचे गाव नेवासे तालुक्यातले, वडाळ्यापासून दोन-तीन कोसांवरचे. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्या पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो खांब आमच्याच तालुक्यात, आणि फेअरबँकसाहेबांनी वसवलेले वडाळ्याचे मिशनही आमच्याच तालुक्यात. नगर जिल्ह्याला (आता अहिल्यानगर म्हणायचे) असल्या शेजाराचे नवल वाटत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत उतरले १८१३ मध्ये, नगरला ठाणे झाले १८३१ मध्ये, आणि ‘ज्ञानोदय’ नियतकालिक नगरहूनच १८४२ मध्ये निघाले. पण या साऱ्या सनावळ्या मी पुढे शिकलो. माझ्या लहानपणी इतिहासाची सुरुवात एकाच गोष्टीने व्हायची, आणि ती म्हणजे दुष्काळ.

आजी सांगायची ती तिच्या सासूची, म्हणजे माझ्या पणजीची गोष्ट. १८९९-१९०० च्या दुष्काळात पणजीचे आईबाप एकामागोमाग गेले. कोणीतरी तिला धरून मिशनच्या अनाथ मुलींत नेऊन सोडले. वय किती, कुणाला ठाऊक. पुढचे दात पडलेले होते, एवढे तिला आठवे. तिथे पहिल्या दिवशी तिला ज्वारीच्या कण्या घालून केलेली पेज मिळाली. ती तिने इतकी घाईने प्यायली की तोंड पोळले. “देवाचं नाव तिनं कवा ऐकलं?” असे मी विचारले, तर आजी म्हणायची, “तोंड गार झाल्यावर.”

आम्हाला शाळेत ‘भाकरीचे ख्रिस्ती’ म्हणून चिडवत. पाचवीत असताना मी रडत घरी आलो आणि आजीला विचारले की आपण खरेच भाकरीसाठी बाटलो का. मला वाटले ती नाही म्हणेल. ती चुलीपुढे बसली होती. भाकरी थापायची न थांबवता म्हणाली, “आलो भाकरीसाठीच, पोरा. त्यात लपवायचं काय? पर दुष्काळ सरला, सुकाळ झाला, मिशनची पेज बंद झाली. मग ऱ्हायलो कशापायी, ते इचार की त्यांना.”

हे उत्तर मी त्यांना कधी दिले नाही, कारण त्यांतल्या दोघांशी माझी नंतर दोस्ती झाली आणि विषय मागे पडला. पण टिळकांच्या गाण्यांविषयी काही लिहायचे झाले की मला हे उत्तरच आधी आठवते. कारण टिळक आले दुसऱ्याच दाराने.

त्यांची हकीकत मराठी वाचकाला तशी ठाऊक आहे, निदान ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्याला. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातले करजगाव, चित्पावन घर. नाशकात गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृतचे शिक्षण. तरुणपणी भटकंती, पुराणे, कीर्तने, शीघ्रकविता. नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने वेदविद्येचे काम. एकूण गाणाऱ्या-बोलणाऱ्या पुरुषाच्या घडणीत जे जे लागते ते सगळे तिशीच्या आत जमलेले होते, फक्त कशासाठी गायचे ते ठरत नव्हते. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी गाठ पडली. बोलणे निघाले संस्कृत काव्यावरून. उतरण्याआधी त्या माणसाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांनी पुस्तक घेतले ते खुणा करत टीकेच्या तयारीने वाचायला, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. दोन वर्षांचे ते भाकीत जवळजवळ बिनचूक ठरले. तो प्रवासी कोण, हे मात्र पुढे कोणाला कळले नाही, आणि मला वाटते ते बरेच झाले. कळले असते तर त्याच्या नावाचा एखादा हॉल बांधून मोकळे झाले असते.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला या बाप्तिस्म्याने काय आले, ते त्यांनी स्वतः ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवले आहे आणि त्यावर कुणी आणखी लिहू नये. नवऱ्यापासून तुटलेली, पंढरपुरात नातेवाइकांकडे राहिलेली काही वर्षे; मग नगरला येऊनही ख्रिस्ती वस्तीत सोवळ्याने वेगळी चूल, वेगळे पाणी; आणि मग एके दिवशी स्वतःच विचार करून कोणाच्याही हातचे पाणी प्यायला लागणे. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये राहुरीला. म्हणजे ज्या दुष्काळात पणजीचे तोंड पेजेने पोळत होते, त्याच दुष्काळाच्या दिवसांत. आजी म्हणायची की पणजीने लक्ष्मीबाईंना पोरींमध्ये बसून हसताना पाहिले होते. यावर मात्र माझा विश्वास आहे, कारण आजीच्या या गोष्टीत लक्ष्मीबाई कधीच काही थोर बोलत नाहीत, नुसत्या हसतात.

टिळकांचे कीर्तनही पणजीने ऐकले होते म्हणे. कुठे ते आजीला सांगता यायचे नाही. कधी राहुरी म्हणे, कधी नगर. तिला एवढेच पक्के ठाऊक होते की त्या रात्री पणजीला झोप लागली नाही, कारण तिला वाटले हा बुवा आपल्या गावाकडचा आहे.

हे वाटणे काय होते ते समजायला त्याआधीची गाणी कशी होती ते बघावे लागते. मिशनच्या पहिल्या पिढीतल्या साहेबांनी मराठीत गीते आणली ती बरीचशी भाषांतरित. नगरचे हेन्री बॅलंटाइन यांनी त्यासाठी फार कष्ट घेतले. त्यांची मेहनत खोटी नव्हती. पण इंग्रजी चालीची मापे मराठी शब्दांना बसवायची म्हणजे दीर्घ अक्षर आखडायचे आणि ऱ्हस्व ताणायचे. अर्थ शाबूत राही, जीभ मात्र अडखळे. आमच्या चर्चमध्ये त्यांतली काही गीते अजून आहेत. लोक ती आदराने म्हणतात, आणि आदराने म्हणतात म्हणूनच हळू म्हणतात.

आणि वाद्यांचे काय? आमच्या घरात एक गोष्ट आहे. पणजोबा महारवाड्याच्या भजनात टाळ धरीत. तक्क्यात रात्र रात्र चोखोबा आणि कबीर चाले. घरातल्या थोरल्यांबरोबर ते ख्रिस्ती झाले तेव्हा गावात आलेल्या पंतोजींनी सांगितले की टाळ-मृदंग मूर्तिपूजेचे, ते आता नकोत. पणजोबांनी मान डोलावली आणि टाळ ज्वारीच्या कणगीत तळाशी पुरून ठेवले. किती वर्षे ते तिथे राहिले, याबद्दल घरात दोन मते आहेत. मात्र दर सुगीला कणगी रिकामी झाली की टाळ बाहेर निघत, पुसले जात आणि नवे धान्य भरण्याआधी पुन्हा तळाशी जात, यावर सगळ्यांचे एकमत आहे. धर्म बदलला म्हणून त्यांनी ते विकले नाहीत, आणि विकले नाहीत हे पंतोजींना सांगितलेही नाही.

इथे एक न्याय करायला हवा. देशी चाली चर्चमध्ये टिळकांनी पहिल्यांदा आणल्या असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. ते खरे नाही. नगरचेच कृष्णराव रत्नाजी सांगळे त्यांच्या कितीतरी आधी देशी चालींवर गीते रचत होते, आणि ख्रिस्ती कीर्तन उभे करणाऱ्यांत ते पुढे होते. टिळकांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा या वाटेवर निदान पायवाट तरी पडलेली होती. पुढे एका पंडिताचे नाव लागले आणि मागची नावे पुसट झाली, हे आपल्याकडे नवीन नाही. माझे आजोबा टिळकांची भजने जीव तोडून म्हणायचे, पण कोणी “टिळकांनी आपल्याला गायला शिकवलं” असे म्हटले की भडकायचे. “गायला काय शिकवलं? गात हुतोच आपण. त्यांनी फकस्त कणगीतलं टाळ भाईर काढायला लावलं.”

तेवढे मात्र त्यांनी केले, आणि ते थोडे नव्हते. अभंग, ओवी, साकी, दिंडी, आर्या, पद, जे जे कीर्तनकाराच्या पोतडीत असते ते त्यांनी बेधडक ख्रिस्ताच्या पायाशी ओतले. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या पुस्तकात सर्वांत मोठा वाटा त्यांचाच आहे. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, पुढे ते ‘ज्ञानोदया’चा मराठी भाग संपादित करू लागले, मिशनमध्ये मानाची जागा होती, पण आमच्या वाड्यापर्यंत त्यांतले काही पोचले नाही. पोचली ती भजने, तीही छापील पुस्तकातून नव्हे. बोर्डिंगातून सुट्टीला आलेल्या पोरींच्या तोंडून.

त्यांची सगळी गाणी चांगली आहेत असे मी म्हणणार नाही. चाळीस वर्षे पेटी वाजवून एवढा अधिकार मिळवला आहे. काही गीतांत पंडित जागा होतो आणि सामासिक शब्दांची अशी वरात काढतो की आमच्या बायका दुसऱ्या ओळीला थांबून पेटीकडे बघतात. बोधपर कवितेत ते लांबतात. पण जिथे ते आठ-दहा ओळींत देवाशी एकटे बोलतात, तिथे त्यांच्या जवळपास कोणी नाही. तिथे ते प्रतिज्ञा करत नाहीत, विजयाच्या घोषणा करत नाहीत. मी नालायक आहे, हे ते दु:खाने नव्हे तर हिशेब सांगावा तसे सांगतात. मी पडलो, असे म्हणतात आणि लगेच उठलो असे म्हणत नाहीत. ख्रिस्ताला ते आई म्हणतात, गुरू म्हणतात आणि कधी दोन्ही एकदम. विठोबाला माउली म्हणणाऱ्या मुलखात हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. साहेबांना लागले असेल.

त्यांचा एक अभंग आहे. देव जितका मिळतो तितकी त्याची हाव वाढते, डोळे त्याला पाहून भरतात न भरतात तोच पुन्हा उपाशी होतात, अशा अर्थाचा. निकोल मॅकनिकल यांनी तो इंग्रजीत नेला आणि तो परदेशांतही वाचला गेला. आमच्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण हा अभंग तिला पाठ होता आणि तिच्या सासूकडून आलेला होता. मी शिक्षक झाल्यावर एकदा शहाणपणा करून तिला सांगू लागलो की यातली भूक ही आध्यात्मिक भूक आहे. तिने मला मध्येच थांबवले. “भुकेत काय आध्यात्मिक आन काय दुसरी? ज्याला ठावी हाय त्याला ठावी हाय.” मग थोड्या वेळाने, “त्या बामनाला ठावी असंल. नायतर असं लिवता येत नाय.”

पोटाची भूक टिळकांना कितपत ठाऊक होती? लक्ष्मीबाईंच्या पुस्तकावरून दिसते की घरात पैसा टिकत नसे, आलेला माणूस उपाशी परत जात नसे आणि त्यामुळे घरचे अधूनमधून उपाशी राहत. पण ते दारिद्र्य हात सढळ असल्याचे, दुष्काळाचे नव्हे. आजीला हा फरक कळत नव्हता असे नाही. तिने गाण्यावरून माणूस ओळखला आणि त्याला आपल्या पंक्तीत जागा दिली, एवढेच.

आजोबा इतक्या सहज जागा देत नसत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. हे वाक्य प्रवचनात दर दोन-तीन महिन्यांनी येई. नाशिकहून, पुण्याहून आलेल्या पाळकांना ते फार प्रिय. एकदा असे प्रवचन ऐकून घरी आल्यावर आजोबा अंगरखा काढता काढता म्हणाले, “त्यांना पूल होता. आपल्याला कुठला पूल? आपण प्रवरेच्या पात्रातनं आलो, कमरेइतक्या पाण्यातनं, डोक्यावर गठुडं घिऊन.” पंढरीच्या देवळात आमच्या लोकांना पाऊल ठेवायला मिळाले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. लक्ष्मीबाई पंढरपुरात दु:खाचे दिवस काढत होत्या तेव्हा आमच्यातल्या वारकऱ्याची वारी चोखोबाच्या पायरीपाशी संपत होती. टिळकांना तुकोबा वारशाने मिळाले होते. आमच्या पणजोबांनी ते कुंपणाबाहेरून ऐकून मिळवले होते.

पण मग याच आजोबांच्या तोंडी टिळकच का? हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही, तरी त्यांच्याकडे बघून उत्तर मिळत गेले. टिळकांच्या गाण्यात आपण ब्राह्मण असून देवाने आपल्याला पदरात घेतले, असा उपकाराचा सूर कुठेही नाही. आपण सोडून आलो त्याची किंमत मोजून दाखवणे नाही. खरे तर त्यांनी किती सोडले होते! पण गाण्यात ते हात रिकामे घेऊनच उभे असतात. रिकाम्या हातांनी आलेल्या माणसाला दुसरे रिकामे हात चटकन ओळखू येतात. आजोबांनी त्या माणसाशी पुलावरून भांडण ठेवले आणि गाण्यावरून समेट केला. दोन्ही एकाच वेळी.

१९५६ मध्ये आमच्या घराचे दोन भाग झाले. १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला, आणि त्यानंतर आमच्या भावकीतली जी घरे ख्रिस्ती झालेली नव्हती ती बौद्ध झाली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण त्या वर्षाच्या गोष्टी अशा ऐकल्या आहेत की मीही त्या बाबांसारखा ‘मी पाहिले’ म्हणू शकेन. काही दिवस बोलणे बंद होते. मग तिकडच्या घरात वरात निघाली आणि पेटी वाजवणारा मिळेना. गावात पेटी एकच, ती चर्चची. आजोबांनी पाळकसाहेबांना न विचारता ती बैलगाडीत घालून नेली आणि रात्रभर वाजवली. पुढे वामनदादा कर्डकांची गाणी गावात आली. तिकडचे गायक आमच्याकडच्या भजनाच्या चाली न्यायचे, आमचे लोक तिकडच्या चाली आणायचे. नाताळच्या फेरीत एकदा भीमगीताची चाल ऐकून पाळकसाहेब दचकले होते. आजोबा म्हणाले, “साहेब, ती चाल आधी आपलीच हुती. त्यांच्याकडं राहून आली.”

मला शाळेत ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता होती, महाराष्ट्रात कित्येक पिढ्यांना असेल. जखमी पक्षिणीची. वर्गात पोरे रडत. कवीच्या नावामागे ‘रेव्हरंड’ होते. गुरुजींनी त्याचा अर्थ सांगितला नाही, आणि एका मुलाने विचारलेच, “हे लोकमान्यांचे कोण?” गुरुजी म्हणाले, “लांबचे.” मी हात वर करून सांगू शकलो असतो की यांचीच गाणी आमच्या घरात रोज चालतात. पण ‘भाकरीचे ख्रिस्ती’ची जखम ताजी होती. पाठ्यपुस्तकाने त्यांना फुलामुलांचा कवी म्हणून सांभाळले, तेही खरेच आहे. बालकवी ठोमऱ्यांना नगरच्या आपल्या घरात मुलासारखे ठेवणारा माणूस तो. पण टिळकांचा अर्धा भाग मराठी शाळेत आहे आणि अर्धा आमच्या चर्चमध्ये, आणि दोन्ही अर्ध्यांची भेट फारशी होत नाही. साहित्याच्या इतिहासात त्यांच्या भजनांना एखादे पान मिळते. आमच्या उपासनेत त्यांचे ‘वनवासी फूल’ कोणाला ठाऊक नाही.

ते दोन्हीकडे थोडे अडचणीचेच होते म्हणा. ब्राह्मणांना बाटलेले, आणि मिशनला फार देशी. देशभक्तीची गाणी लिहीत. शेवटी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. कल्पना अशी की ख्रिस्ताचा शिष्य व्हायचे ते व्हावे, बाप्तिस्मा घेतलेला असो की नसो. पाळकपदाची दीक्षा घेतलेल्या माणसाने हे म्हणावे! आमच्या गावच्या म्हाताऱ्यांत याबद्दल कुजबूज असे. तो दरबार फार चालला नाही, दोन वर्षांत टिळकच गेले. ज्यांना या बंडाची अडचण वाटते ते त्याला म्हातारपणाचा, आजाराचा परिणाम म्हणतात. मला तसे वाटत नाही. पन्नाशीच्या पुढे, नाव झाले असताना, ठरलेला पगार आणि छप्पर सोडणे आजारपणात सुचत नाही. त्यांच्या गाण्यांत जो माणूस रिकाम्या हातांनी उभा असतो, त्याला रिकाम्या हातांनीच जगून पाहायचे होते. लक्ष्मीबाईंना तो निर्णय काय पडला असेल, हा वेगळा हिशेब. ख्रिस्तचरित्रावरचे टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते, तेही पुढे बाईंनीच पुरे केले. त्या स्वतः कीर्तनेही करीत. नवऱ्याचा अर्धा राहिलेला संसार, अर्धे राहिलेले काव्य आणि कीर्तन, सगळे त्यांनीच तडीस नेले.

आता आमच्या मंडळीत भांडण चालू आहे. तरुण पोरांनी कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि भिंतीवर शब्द दाखवणारा प्रोजेक्टर आणला आहे. त्यांची नवी गाणी बऱ्याचदा दक्षिणेकडून हिंदीत येतात आणि हिंदीतून आमच्याकडे. ठेका जोरकस, लोक टाळ्या वाजवतात, मीही वाजवतो. माझी तक्रार ठेक्याबद्दल नाही. त्या गाण्यांत प्रत्येक ओळीला विजय असतो. कर्जाच्या हप्त्यावरून रात्रभर बायकोशी भांडून आलेला माणूस सकाळी साडेनऊला हात वर करून ‘मी जिंकलो’ म्हणतो, तेव्हा तो कोणाला सांगत असतो? त्याला ‘मी हरलो’ म्हणायला एक तरी गाणे हवे. आमच्याकडे ते आहे, शंभर वर्षांपासून आहे, आणि ते आम्ही फक्त प्रेतयात्रेसाठी राखून ठेवले आहे.

हे मी बैठकीत बोललो. माझा पुतण्या भजनी मंडळाचा पुढारी आहे. तो उठून म्हणाला, “काका, साकी-दिंडी म्हणजे तरी काय होतं? त्या वेळच्या संगीत नाटकांत तेच चालायचं. टिळकांनी त्यांच्या काळात लोकांच्या तोंडी होतं ते घेतलं. आम्ही आमच्या काळातलं घेतो. तुम्ही लोक आता पंतोजी झालात.” बैठकीत हशा झाला. पोरगा बोलला ते खोटे नव्हते, म्हणून तो हशा मला जरा लागला.

त्याने एवढ्यावर थांबायला हवे होते. पण नाताळच्या आठवड्यात त्याने तो भुकेचा अभंग नव्या चालीत बसवला, ऑक्टोपॅडसकट, आणि उपासनेत म्हटला. चाल मला अजूनही आवडलेली नाही. मधल्या ओळीवर ती उगाच उड्या मारते. पण शब्द त्याने एकही बदलला नव्हता, एकही गाळला नव्हता, आणि पोरे ते पाठ म्हणत होती, भिंतीकडे न बघता. मागच्या बाकावर बसणाऱ्या बायकांनी मात्र जुनी चाल सोडली नाही. त्या आपल्या लयीत म्हणत राहिल्या. अर्धे चर्च एका चालीत, अर्धे दुसऱ्या चालीत, आणि मध्ये पेटीवर मी. शेवटच्या कडव्यापर्यंत कोणीही हटले नाही.

पाळकसाहेबांनी दोन्ही बाजूंना पुढच्या गुरुवारी पंचकमिटीपुढे बोलावले आहे. पुतण्या म्हणतो की तो रेकॉर्डिंग घेऊन येणार आहे. बायका म्हणतात त्यांना बोलायचे काही नाही, त्या तिथे म्हणूनच दाखवणार आहेत.